स्टूल ओढून बसणाऱ्या इंगळे सिस्टर

शकुंतला इंगळे सिस्टरांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी चिडलेली होते. नोकरीचा पहिलाच आठवडा, आणि सगळा वॉर्ड आम्हा दोघींवर. आज त्याच वॉर्डाची मी इन्चार्ज आहे. वॉर्ड अजूनही दोघींवरच आहे, चिडायचे त्राण मात्र उरलेले नाही. त्यांच्या साठीनिमित्तचा हा लेख दमल्या हाताने लिहिते आहे, हे वाचकांनी समजून घ्यावे.

त्या आठवड्यात सोनाळ्याकडच्या एक मावशी मधुमेहाने चिघळलेला पाय घेऊन दाखल होत्या. त्यांना घरी सोडताना अभिप्रायाचा फॉर्म मी भरून घेतला. म्हणजे प्रश्न मीच वाचले आणि खुणाही मीच केल्या. मावशी प्रत्येक प्रश्नाला 'हाव' म्हणाल्या. सगळीकडे 'उत्तम' असलेला तो फॉर्म मी ऐटीत सिस्टरांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचलाच नाही. स्टूल ओढून त्या मावशींजवळ बसल्या आणि ड्रेसिंगला परत कधी येणार, एवढेच विचारले. मावशी म्हणाल्या, येणार नाही, घरीच हळद लावीन.

"काऊन?" सिस्टरांनी विचारले.

"पट्टी सोडताना दुखलं, ते चालते. पन मी कन्हली तं या बाईनं मले झिडकारलं."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. दमले होते, असे कसेबसे म्हणाले. सिस्टर रागावल्या नाहीत.

"थकवा आपला हाय, पन पाय तं तिचा हाय ना," एवढेच म्हणून त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवले.

मी बसले, माफी मागितली. मावशी परत येत राहिल्या. पुढची सगळी ड्रेसिंगं मीच केली, बसून. पाय वाचला.

सिस्टरांच्या स्टुलाची आमचे डॉक्टर थट्टा करत. पण त्या दोन मिनिटे बसल्या, तरी पेशंट गावी जाऊन सांगत की सिस्टर अर्धा तास बोलत बसल्या होत्या. माझी मुलगी तापाने फणफणली, तेव्हा त्यांनी आपली ड्युटी संपवून माझीही केली आणि वर स्वतःचा डबा माझ्या हातात दिला. त्यांचे ऋण फेडायचे कसे, हे मला अजून कळलेले नाही.

सिस्टर, तुमचे गुडघे हल्ली कुरकुरतात असे ऐकते. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि आमच्या वॉर्डाची पायरी चढायची वेळ कधी न येवो. आलीच, तर मी कितीही दमलेली असले तरी स्टूल ओढून बसेन. नाही बसले, तर फॉर्मवर तसे लिहा. खुणा मात्र तुम्हीच करा.