यंदा काही नाही

सरकारला "अहो, माझं उत्पन्न जास्त आहे हो" असं कळवळून सांगणारा मी आमच्या घराण्यातला पहिला पुरुष. रत्नागिरी तालुक्यातलाही बहुधा पहिलाच असेन.

त्याला कारण माझी बायको. मार्ता पोलंडची. पुण्यात ती जर्मन शिकवायची आणि त्याच इमारतीत तळमजल्यावर मी कॉम्प्युटर दुरुस्त करायचो. तिचा कॉम्प्युटर तीन वेळा बिघडला (चौथ्यांदा मी बिघडवला), मग लग्न झालं आणि वर्षभरात तिला घेऊन मी गावी आलो. जयगडच्या रस्त्याला आमचं गाव. अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, हापूसची कलमं आहेत. त्यातली निम्मी त्यांनी माझ्या नावावर केली आहेत. जोडीला मी कोकम सरबत आणि आंब्याची साठं करून विकतो.

मार्ताचा व्हिसा डिसेंबरअखेर संपत होता. मुदत वाढवून घ्यायची तर नवऱ्याने हमीपत्र द्यायचं, की हिला पोसायला मी समर्थ आहे. समर्थ कशावरून, तर आयकराचं विवरणपत्र जोडायचं. आणि वाढ नाही मिळाली तर तिने पोलंडला जायचं, तिथून नव्याने अर्ज करायचा आणि वाट बघायची. किती दिवस, ते कुणी सांगेना. हे कळल्यापासून आई मार्ताच्या भातावर दुप्पट तूप वाढायला लागली. मी मात्र निर्धास्त होतो, कारण विवरणपत्र मी जुलैमध्येच वेळेवर भरलं होतं. नोव्हेंबरमध्ये अर्जाला जोडायला म्हणून ते उघडलं आणि पहिल्यांदाच नीट वाचलं.

त्या कागदाप्रमाणे मी बायको सोडाच, मांजरसुद्धा पोसू शकत नव्हतो. सरबत आणि साठं ह्यांचा जेमतेम नफा, बाकी शून्य. कलमांचा उल्लेखच नाही!

तडक शिरीषकाकांकडे गेलो. अर्ध्या गावाची विवरणपत्रं तेच भरतात. माझं गाऱ्हाणं त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "जुलैमध्ये मी तुला विचारलं होतं, शेतीचं काही? तू काय म्हणालास आठवतंय?"

आठवलं. मी म्हणालो होतो, "शेतीचं कसलं काका, यंदा काही नाही."

इथे परगावच्या वाचकांसाठी थोडा खुलासा केला पाहिजे. आमच्याकडे आंब्याबद्दल कुणीही विचारलं तर "यंदा काही नाही" एवढंच सांगतात. ह्यात खोटं बोलायचा हेतू नसतो. कुणी कसं आहे विचारल्यावर आपण बरं आहे म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. उत्सवाची वर्गणी मागायला आलेल्यांना अप्पा हेच सांगतात, मुंबईच्या आत्याला फोनवर हेच सांगतात. एका मे महिन्यात पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना त्यांनी हे सांगितलं तेव्हा माजघर, पडवी आणि पाहुण्यांची खोलीही पेट्यांनी भरली होती. पाहुण्यांना आम्ही अंगणात झोपवलं. खरा आकडा बोलला की दृष्ट लागते आणि मागणारे वाढतात, असं अप्पांचं म्हणणं. मी ते ऐकतच मोठा झालो, त्यामुळे माझं तोंड त्याच वळणाचं झालंय.

शिरीषकाकांनी सांगितलं की शेतीच्या उत्पन्नाला कर नसला तरी ते दाखवायला हवं होतं. सुधारित विवरणपत्र डिसेंबरअखेरपर्यंत भरता येतं, पण आधी आंबा विकल्याच्या पट्ट्या आण. पट्टी म्हणजे वाशीचा दलाल विकलेल्या मालाचा हिशेब पाठवतो तो कागद. मग चष्मा काढून ते माझ्याकडे बघत राहिले. "पस्तीस वर्षं हे काम करतोय. 'काका, आकडा वाढवा' म्हणत आलेला तू पहिलाच. घरी सगळं ठीक आहे ना?"

पट्ट्या अप्पांकडे होत्या आणि अप्पा त्या द्यायला तयार नव्हते. त्या कुठे आहेत हेच आठवत नाही म्हणाले. मी आवाज चढवला, आईने आणखी चढवला, अप्पा वर्तमानपत्रामागे गेले. शेवटी मार्ता त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. म्हणाली, "अप्पा, मला जायचं नाहीये."

अप्पा उठले आणि देव्हाऱ्याच्या मागून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून त्यांनी तिच्या हातात दिला. माझ्या नव्हे, तिच्या. त्या पट्ट्या वाचताना मला कळलं की गेली कित्येक वर्षं अप्पा माझ्याशीसुद्धा "यंदा काही नाही"च बोलत होते. मला राग यायला हवा होता. पण माझी छाती फुगली. आपण इतके बरे आहोत हे मला चाळिशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदाच समजत होतं.

सुधारित विवरणपत्र गेलं, अर्ज गेला. आता घरी येऊन चौकशी होणार होती. नवरा-बायको खरंच एकत्र राहतात का आणि नवरा तिला नीट सांभाळतो का, हे बघायला पोलीस ठाण्यातून माणूस येणार होता. मला धडकी भरली. कारण आमच्या घरात हातात फाईल घेतलेला माणूस शिरला की अप्पांचा चेहरा आपोआप दुष्काळी होतो.

म्हणून मी आठवडाभर सगळ्यांची तालीम घेतली. रोज संध्याकाळी मी हवालदार व्हायचो. काखेत फाईल मारून अंगणातून यायचो आणि विचारायचो, "काय, कसं चाललंय?" पहिल्या दिवशी अप्पा म्हणाले, "कसलं काय साहेब, माकडांनी वाट लावली." दुसऱ्या दिवशी माकडं गेली आणि मोहोरावरचे तुडतुडे आले. चौथ्या दिवशी मी हात जोडले. शेवटी असं ठरलं की अप्पांनी "उत्तम" हा एकच शब्द बोलायचा. आईने काजू पुढे करायचे, फुटके नव्हे, अख्खे. मार्ताने सांगायचं की नवरा चांगला सांभाळतो. मी काय बोलायचं हे ठरवलंच नाही. मी दिग्दर्शक होतो, मला कसली तालीम?

हवालदार आले ते सांगितलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराला. मूळचे मंडणगडचे, पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. अप्पा बनियनवर होते, मार्ता पडवीत बसून आईच्या बरणीत कोबी मिठात दाबत होती (पोलंडमध्ये तो आंबवून खातात, आणि आता आमच्याकडेही). पण काय सांगू, तालीम कामी आली! हवालदारांनी विचारलं, अप्पा, कसं चाललंय? अप्पांच्या कपाळावर घाम फुटला, गळ्यातली घाटी दोनदा वरखाली झाली, आणि ते म्हणाले, "उत्तम." अप्पांच्या तोंडून हा शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकला. आईने डोळ्याला पदर लावला आणि अख्खे काजू पुढे केले. मार्ताने सांगितलं, "हे मला व्यवस्थित सांभाळतात." 'हे' म्हणजे मी. एरवी ती मला पराग म्हणते, पण परक्या माणसापुढे 'हे' म्हणायचं असतं हे ती आईकडून शिकली आहे.

हवालदारांनी सगळं लिहून घेतलं, विवरणपत्राची प्रत बघितली, मान डोलावली. फाईल मिटली, पेन खिशाला लावलं. चहाचा घोट घेतला आणि समोरच्या कलमाकडे बघत सहज विचारलं, "काय मग, मोहोर काय म्हणतोय यंदा?"

"कसला मोहोर साहेब," एक आवाज आला. "थंडीचा पत्ता नाही, आलाय तो तुडतुडे खातायत. आणि गेल्या साली तर विचारूच नका. घरच्यांना चाखायला म्हणून बाजारातून विकत आणला आंबा."

हा आवाज माझा होता.

मी थांबायला हवं होतं. पण ते वाक्य सुरू झालं की शेवटाला गेल्याशिवाय थांबत नाही, मध्येच थांबायची आमच्याकडे पद्धतच नाही. खताचे भाव, फवारणीची मजुरी, वाशीचा दलाल कसा बुडवतो, सगळं मी हात हलवून सांगितलं. शेवटी "कलमं तोडून टाकावीत असं वाटतं" इथवर आलो तेव्हा आईने डोळे मिटून घेतलेले दिसले. अप्पा मात्र माझ्याकडे बघत होते, आणि मुलगा हाताशी आला की बापाच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

हवालदारांनी कप खाली ठेवला आणि फाईल पुन्हा उघडली. "इथं तर शेतीचं उत्पन्न चांगलं दाखवलंय," ते म्हणाले. "तेही जुलैमध्ये नाही, गेल्या महिन्यात सुधारून. आता तुम्ही म्हणताय आंबा विकत आणला. खरा काय ता सांगा."

मी म्हणालो, कागद खरा आहे. मग हे आत्ता जे बोललात ते? ते खोटं आहे. म्हणजे पोलिसाला खोटं सांगितलंत? नाही, म्हणजे तसं खोटं नाही, असं आम्ही बोलतोच. अप्पा मदतीला धावले आणि त्यांनी सांगितलं की साहेब, ह्याचं मनावर घेऊ नका, आमच्या घरात आंब्याबद्दल कुणीच खरं बोलत नाही. त्यावर हवालदारांनी शांतपणे विचारलं, मग मघाशी उत्तम म्हणालात ते? अप्पांनी काजूंची बशी त्यांच्याकडे सरकवली. ते पेन पुन्हा खिशातून बाहेर आलेलं मी बघितलं. मार्ताचं सामान, विमानतळ, रिकामी पडवी, सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि हे सगळं कशामुळे? मला तोंड आवरलं नाही म्हणून.

मार्ताने कोबीचे हात पदराला पुसले. (ओढणी होती, पण पुसायची पद्धत आईची.) आत गेली आणि दोन हातांत चार बाटल्या घेऊन आली. त्या हवालदारांपुढे मांडल्या.

"साहेब, हा आलुबुखारचा मुरंबा. माझ्या आईने पोलंडहून पाठवला," ती म्हणाली. "मे महिन्यात तिचा फोन आला होता. आंबा खातेस का विचारत होती. मी म्हटलं, कसला आंबा गो आई, यंदा काही नाही. ती रडली. लेकीला तिकडे फळ मिळत नाही म्हणून हे पाठवून दिलं."

"आणि घरात आंबा होता?"

"पलंगाखाली पण होता, साहेब."

"मग आईला खोटं कशाला सांगितलंत?"

मार्ताने त्यांच्याकडे असं बघितलं, की इतक्या मोठ्या माणसाला एवढंही कसं कळत नाही. आवाज खाली आणून म्हणाली, "दृष्ट लागते."

हवालदारांनी एक बाटली उचलून उजेडात धरली आणि म्हणाले की त्यांच्या घरीही मंडणगडला काजूबद्दल हेच बोलतात, गेल्याच आठवड्यात त्यांनी स्वतः साडूला तसं सांगितलं. एवढं बोलून त्यांनी लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर आम्हाला वाचून दाखवलं. "सदर विदेशी महिला पतीसह एकत्र राहत असून येथील रीतीभातींत पूर्णपणे रुळलेली आहे." 'पूर्णपणे'खाली त्यांनी रेघ ओढली. पट्ट्यांच्या प्रती मागून घेतल्या, त्या फाईलला लावल्या, आणि जाताना मुरंब्याची बाटली आईने कितीही आग्रह केला तरी घेतली नाही. काजू मात्र सगळे संपले होते.

मुदतवाढ आली ती नाताळच्या दोन दिवस आधी. मार्ताने मोबाईल अप्पांपुढे धरला, अप्पांनी चष्मा लावून तो उलटसुलट करून बघितला आणि ते कलमांकडे निघून गेले. परत आले तेव्हा नाक लाल होतं. आईने शिरा करायला घेतला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मार्ताकडे बघत होतो आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. एवढ्यात शिरीषकाकांचा फोन आला. व्हिसाचं काय झालं, विचारत होते.

"कसला व्हिसा काका," मी म्हणालो. "काही नाही यंदा."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. परत लावला तर ते उचलेनात, कारण ते स्कूटरवर होते. वीस मिनिटांत दारात आले. चेहरा उतरलेला. बरोबर काकू, आणि वाटेत बातमी कळली म्हणून त्यांच्यामागून आलेली शेजारची चार माणसं. काकूंनी मार्ताला मिठी मारली आणि हुंदका दिला. मार्ताने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "काकू, शिरा खाणार ना?"

खुलासा व्हायला दहा मिनिटं लागली आणि शिरा पुरवून पुरवून खावा लागला. काकांनी बशी संपवली आणि जाहीर केलं की पुढच्या जुलैमध्ये विवरणपत्राला मी यायचं नाही, सूनबाईला पाठवायचं. आईने मान डोलावली. अप्पांनी डोलावली. दुखावलो तरी मीही डोलावली.

निघताना काका पायरीवर थांबले, कलमांकडे बघितलं आणि मला म्हणाले, "बाकी काय रे, मोहोर कसा आहे?"

मी तोंड उघडलं, आणि मार्ताने त्यात शिऱ्याचा चमचा कोंबला.