रविवारचा उपास

छातीतली जळजळ ही काय लपवायची गोष्ट आहे? पण मी लपवली, आणि तीही माहेरी.

जव्हारच्या शाळेत शिकवायला लागल्यापासून खाण्याचा सगळा बट्ट्याबोळ झाला होता. रिकाम्या पोटी चहा, मधल्या सुट्टीत स्टँडवरचे वडे, रात्री उशिरा पोटभर जेवून लगेच आडवं. मग आंबट घशाशी यायचं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या देतो, पण सवयी बदला. थोडं थोडं खा, तिखट-तळलेलं कमी करा, जेवल्यावर दोन-तीन तास आडव्या होऊ नका. नवऱ्याने खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा सरकवल्या. चहा कमी केला, रात्रीचं जेवण दिवेलागणीला आणलं, आणि खरंच आराम पडला.

पण पोशेऱ्याला भावाकडे जायचं म्हटलं की मी टाळाटाळ करायचे. वहिनीच्या हाताला तिखट फार. मागच्या खेपेला मी कोंबडीच्या रश्श्याचे चार घास खाऊन हात धुतला, तर ती शेजारणीला म्हणाली की मास्तरीणबाईंना आता आमच्या हातचं चालत नाय. ते माझ्या कानावर आलं आणि फार लागलं. तिच्याच हातच्या नागलीच्या भाकऱ्या खाऊन मी शिकले होते. या खेपेला तिचं मन मोडायचं नाही, असं ठरवलं. सरळ सांगायचं ना मग, की मला सोसत नाही? पण दिवसभर शेतात वाकणाऱ्या बाईपुढे आपल्या पोटाची रड कशी सांगू? नाजूक झाली म्हणेल, ही लाज.

म्हणून गेल्या महिन्यात एका रविवारी गेले ती उंबऱ्यातच सांगून मोकळी झाले, की माझा उपास आहे, नवसाचे रविवार धरलेत. देवापुढे कोण बोलणार, एवढीच माझी अक्कल.

वहिनी चुलीपाशी होती. हातातली पळी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. कुठला देव, कशाचा नवस, काही विचारलं नाही. टोपावर झाकण ठेवून तो बाजूला सारला आणि घरची वरई काढली. शेंगदाण्याची आमटी केली, साबुदाणा भिजलेला नव्हता म्हणून बटाट्याचे काप तेलात तळले.

जेवायला बसलो. दादा टोपातलं कालवण खाताना मधेमधे कच्ची मिरची चावत होता, आणि मुलं तोंडं वाकडी करत होती. मला वाटलं, वहिनीचं तिखटसुद्धा दादाला आता पुरत नाही. माझी आमटी मात्र अगदी सौम्य होती. सुटले बाई, म्हणत मी ओरपली. वहिनी वाढत गेली आणि खोटं बोलल्याच्या चोरटेपणापायी मी नको म्हटलं नाही. वर तिने गोधडी अंथरली, तर आडवीही झाले. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं एका दुपारीत पाण्यात घातलं.

व्हायचं तेच झालं. छातीतून आग वर आली, तोंड आंबट पाण्याने भरलं, आणि अंगणाच्या कडेला जाऊन मी भडाभडा ओकले. वहिनी तांब्या घेऊन मागे आली. माझी पाठ चोळू लागली. त्या हाताखाली मला खोटं धरून ठेवता येईना.

"नवस-बिवस काही नाही, वहिनी. जळजळतं मला, तिखट सोसत नाही. सांगायची लाज वाटली."

तिचा हात थांबला.

"तिखट सोसत नाय ते तुमच्या घरून भाऊजींनी फोनवर सांगितलेलं," ती म्हणाली. "म्हणून तर आज सगळ्यांनाच बिनमिरचीची कोंबडी केली होती. तुम्ही देवाचं नाव घेतलंत, मग मी काय बोलू? मला वाटलं, माझ्या हातचं नको म्हणून ताईंनी देव मधे घातला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिला दुखवायचं नाही म्हणून एवढं सोंग केलं, ती सगळी दुपार तेच दुखणं गिळून मला वाढत होती. मी विचारलं, थोडं कालवण उरलंय का, संध्याकाळी लवकर जेवून निघेन.

टोप तिने केव्हाच घासून पालथा घातला होता.