ताईची जाड रेघ

ताई गेली तेव्हा मी बुटीबोरीला, कारखान्यात होतो. आमच्याकडे कामाच्या जागी मोबाइल नेऊ देत नाहीत. चहाच्या सुट्टीत आधी लॉकर उघडून मोबाइल बघायचा आणि मगच चहाकडे वळायचं, अशी गेल्या काही महिन्यांत माझी सवय झाली होती. ताईच्या खोलीतल्या संगणकावरून माझ्या मोबाइलवर थोड्या थोड्या वेळाने एक चित्र येत असे. चित्र म्हणजे डावीकडून उजवीकडे जाणारी एक रेघ, दुसरं काही नाही. रोज ती जाड आणि केसाळ दिसायची, टोक मोडलेल्या पेन्सिलीने काढल्यासारखी. त्या दिवशी मात्र ती सुतासारखी बारीक, स्वच्छ झाली होती. मला इतका आनंद झाला... तेवढ्यात फोन वाजला, त्यावर 'ताई' असं नाव आलं आणि मी हॅलोदेखील न म्हणता बोलून गेलो, "काय वं ताई, जमलं शेवटी?" पलीकडे शेजारच्या वनमालाबाई होत्या. ताईच्या फोनवरून बोलत होत्या. "भाऊ, तुम्ही निघा," एवढंच म्हणाल्या.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यातली ही गोष्ट. आता नवरात्र तोंडावर आलं आहे. बहीण गेल्याची वर्दी देणाऱ्या त्या रेघेवर मी खूश झालो, हे अजून मनातून जात नाही. तसं का झालं ते सांगायचं तर ताईबद्दलच सांगायला हवं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, कुसुम. उभी नोकरी तिने कळमेश्वरच्या एका शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवली. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर "वेळ नाही भेटला" म्हणून वाटेला लावायची. सूर्याचं तिला भारी वेड. भर उन्हाळ्यात ती पोरांना मैदानात न्यायची, छोट्या आरशाने सूर्याचं प्रतिबिंब अंधाऱ्या वर्गाच्या भिंतीवर पाडायची आणि त्यावरचे काळे डाग मोजायला लावायची. पोरांचे आईबाप कुरकुर करायचे, तर ऊन लागू नये म्हणून हिने नियमच करून टाकला, की ज्याच्या खिशात कांदा नाही त्याने मैदानात यायचं नाही. दुपारच्या तासाला सगळ्या वर्गाला कांद्याचा वास. मी आपला घरी बसून, हिला ऊन लागेल, ही चक्कर येऊन पडेल, असं म्हणत राहायचो. आमच्या घरात काळजी करण्याचं खातं लहानपणापासून माझ्याकडेच होतं. ताईने त्यात कधी ढवळाढवळ केली नाही.

अशा बाईची फुप्फुसं घट्ट होत गेली. आधी जिना चढताना धाप लागायची, मग बोलताना लागायला लागली, आणि गेल्या हिवाळ्यात ऑक्सिजनचं मशीन घरी आलं. गुडघ्याएवढं ते धूड दिवसरात्र घरघरत राहायचं. त्याची लांब नळी ताईच्या नाकाशी, आणि नळी पोचेल तेवढंच तिचं जग, म्हणजे खोली, मोरी आणि खिडकी. मला वाटलं ही आता खचणार. पण एका रविवारी मी गेलो तर ती संगणकापुढे बसलेली. म्हणाली, "मले उन्हात जाता येत नाही नं, मग ऊनच घरात आणतो आपण."

तिने मला जे समजावलं ते माझ्या कुवतीप्रमाणे सांगतो. पाण्याखालच्या पाणबुड्यांशी बोलण्यासाठी नौदल फार संथ कंपनांच्या रेडिओ लहरी सोडतं. असं एक केंद्र आपल्या दक्षिणेच्या टोकाकडे आहे. त्या लहरी जमीन आणि वर आभाळातला विजेचा एक थर यांच्या मधून वाट काढत आपल्यापर्यंत येतात. सूर्यावर भडका उडाला की तो थर बदलतो आणि इथे पोचणाऱ्या लहरींचा जोर एकदम वाढतो. लहरी ऐकायला वेगळा रेडिओही नको, संगणकात जिथे माइक लावतात तिथूनच त्या आत घेता येतात. नौदल काय बोलतं ते आपल्याला कळत नाही, कळायला नकोच. फक्त आवाज किती मोठा येतो ते सॉफ्टवेअर लिहीत राहतं आणि त्याची रेघ काढतं. रेघेने उडी मारली की समजायचं, सूर्य भडकला.

मग आमचे बरेच रविवार त्यात गेले. लहरी पकडायला जुन्या खाटेच्या लाकडी पट्ट्यांची चौकट केली, तिच्यावर मी तांब्याच्या तारेचे वेढे घेतले आणि ती खिडकीत टांगली. सॉफ्टवेअर टाकलं तर पडद्यावर काहीच येईना. मी वायरी काढून घालून थकलो. शेवटी ताईलाच सापडलं. संगणकात आवाज आपोआप सुधारून देण्याची सोय असते, आणि माणसाच्या बोलण्यापलीकडचं सगळं कचरा समजून ती गाळून टाकत होती. ती सोय बंद केली आणि नौदलाची लहर उगवली. ताईने टाळ्या वाजवल्या, पण त्याने तिला इतका खोकला आला की माझा जीव घाबरा झाला.

लहर मिळाली, पण तिच्याभोवती नुसता गोंगाट. घरात विजेवर चालणारं काहीही असलं की त्याची खरखर तारेत शिरते. तेव्हा एकेक वस्तू बंद करून चोर शोधायचा असं ठरलं. ट्यूबलाइट बंद केली, फ्रिज बंद केला, वनमालाबाईंना मिक्सर थांबवायला सांगितलं. ऐन उन्हाळ्यात कूलरसुद्धा बंद केला आणि दोघं घामाने निथळत बसलो. खरखर जागची हलेना. ताई पडद्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बंद कर ते."

"काय?"

"माह्यं मशीन."

मी नाही म्हटलं. काही झालं तरी मी हात लावणार नाही असं सांगितलं. मग तिनेच वाकून बटण दाबलं. घरघर थांबली आणि पडद्यावरची रेघ बघता बघता स्वच्छ झाली. ताई रेघेकडे बघत होती. मी तिच्या ओठांकडे बघत होतो, बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा उतरताना बघत होतो... माझ्याने राहवेना, मी बटण पुन्हा दाबलं. रेघ परत केसाळ झाली. श्वास सावरल्यावर ताई हसली. "पाह्यलं? तो गोंगाट मीच हाय." त्या हसण्याचा मला रागच आला. मशीनला हात लावणार नाही अशी शपथ मी तिला तिथल्या तिथे घ्यायला लावली.

शपथ घेतली, पण माझा विश्वास कुठे? सूर्योदयाच्या वेळी रेघ मजेदार वळण घेते. ते स्वच्छ बघण्याच्या मोहात ही पहाटे एकटी मशीन बंद करील, ही भीती मला झोपू देईना. म्हणून रेघेचं चित्र माझ्या मोबाइलवर येईल अशी व्यवस्था मी करून घेतली. मलाही सूर्यात गोडी लागली, असं तिला सांगितलं. खरं म्हणजे मी सूर्य बघतच नव्हतो. रेघ जाड दिसली की मशीन चालू, आणि मशीन चालू म्हणजे ताई आहे. दिवसातून किती वेळा मी ती रेघ बघत असेन, आणि जाड दिसली की दर वेळी माझा जीव भांड्यात पडत असे.

यावर साधा उपाय होता. चौकट गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला, मशीनपासून लांब न्यायची आणि खरखर आत शिरू नये म्हणून तारेची जाळी गुंडाळलेली असते तसली लांब वायर खोलीपर्यंत ओढायची. ताई दर रविवारी त्याची आठवण करायची. मी कधी म्हणे सीताबर्डीच्या बाजारात तशी वायरच मिळत नाही, कधी पावसाचं कारण पुढे करी, तर कधी ड्युटीचं. रेघ स्वच्छ झाली तर ताईची खबर मला कोण देणार? काही आठवड्यांनी तिने विषय काढणं सोडलं. मला वाटलं, विसरली. त्या दिवशी रेघ स्वच्छ दिसली तेव्हा मनात आलं ते हेच, की हिने माझी वाट बघणं सोडून कुणाला तरी गच्चीवर चढवलं आणि चौकट हलवून घेतली. खरं म्हणजे आंबील घेऊन आलेल्या वनमालाबाईंना ती खुर्चीतच गेलेली दिसली होती. त्यांनी गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावलं, आणि डॉक्टरांनी तपासून झाल्यावर मशीन बंद केलं.

तेरवीनंतर खोली आवरताना पलंगाखाली वायरीचं भलंमोठं वेटोळं मिळालं, दुकानातून आणलेलं, दोरीसुद्धा न सोडलेलं. मी वनमालाबाईंना विचारलं. म्हणाल्या, "मीच तं आणून देल्ली भाऊ, पावसाळ्यात. माह्या भाच्याले गच्चीवर चढवतो म्हटलं, तं नाही म्हणाल्या. म्हणे, राहू दे, तो तिकडं बसून माह्यं मशीन पाह्यते. त्याचा जीव राह्यते त्याच्यात."

म्हणजे तिला माहीत होतं. सूर्याच्या स्वच्छ रेघेसाठी जिने श्वास बंद करून पाहिला, तिने ती रेघ माझ्या काळजीपायी पलंगाखाली दोरीत बांधून ठेवली, आणि मला एका शब्दाने कळू दिलं नाही.

संगणक मी बंद केलेला नाही. रविवारी जातो, खिडकी उघडतो, तिच्या खुर्चीत बसतो. मागच्या रविवारी दुपारी रेघेने एकदम उडी मारली आणि मग हळूहळू उतरत गेली, अगदी ताई कागदावर काढून दाखवायची तशी. सूर्य भडकला होता, आणि गोंगाटाचा एक केससुद्धा मध्ये नव्हता. "ताई, पाह्य," असं माझ्या तोंडून निघून गेलं... मशीन अजून कोपऱ्यातच आहे. मी उठलो आणि त्याचं बटण दाबलं. घरघर सुरू झाली, रेघ जाड झाली, ओळखीची झाली. मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसलो. मग पुन्हा वाकलो आणि, जे ताईने सांगूनही मी केलं नव्हतं ते केलं. मशीन बंद केलं.