रामदासदादाच्या जीपमधली पुढची सीट

आधी माफी मागतो. गेलेल्या माणसावर लिहायचं तर लिहिणाऱ्याचं वय हवं, वाचन हवं, निदान हात तरी स्वच्छ हवेत. माझ्याकडे यातलं काहीच नाही. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं घरात कुणाला वाचून दाखवावं आणि चुका काढून घ्याव्यात अशीही सोय नाही. कॉलेजातल्या मराठीच्या मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तू बोलतोस तसं लिही. सजवू नकोस." म्हणून लिहायला बसलो आहे. तीन वेळा फाडून झालं. हे चौथं.

रामदासदादा माझा चुलतभाऊ. हरसूल ते नाशिक जीप चालवायचा. तोंडाच्या कॅन्सरनं गेला, तेव्हा एकतीस वर्षांचा होता. त्याला आता सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत मला सगळ्यात जास्त काय आठवतं, तर त्याचं जाणं नाही. आठवते गेल्या दिवाळीची सकाळ. मी सुट्टीला गावी निघालो होतो, नाशिकच्या थांब्यावर त्याची जीप उभी दिसली, मी नेहमीसारखा पुढचा दरवाजा उघडला, आणि आत पुढच्या सीटवर स्टेपनीचं चाक दोरीनं करकचून बांधलेलं. मला वाटलं, चुकून ठेवलं असेल. मी दोरी सोडायला लागलो. दादानं माझ्याकडे न बघता, आरशात बघत, एवढंच म्हटलं, "मागं बस."

त्यानं मला त्या सीटवर का बसू दिलं नाही, हे मला कळत नव्हतं. मेल्यानंतर तर ते विचारायचंही कुणाला, असं झालं. हे सगळं लिहिण्याचं खरं कारण तेच आहे…

ती सीट म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. आठवीपासून मी घाटापलीकडच्या आश्रमशाळेत होतो. महिन्यातून एकदा-दोनदा घरी यायचो, ते दादाच्याच जीपनं. दादाचा आवाज मोठा. थांब्यावर तो "नाशिक, गिरणारे, नाशिक!" अशी हाळी द्यायचा, तेव्हा पलीकडच्या हॉटेलातली माणसं हातातला चहा तसाच ठेवून उठायची. घाट लागला की मात्र तो गप्प व्हायचा. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नाहीतर एक गिअरवर. आणि नेमकी घाटातच त्याला तंबाखूची तलफ यायची. मळायला दोन हात लागतात. म्हणून आमच्याकडच्या सगळ्याच जीपवाल्यांची एक रीत होती. ड्रायव्हरच्या शेजारी बसेल त्यानं मळून द्यायचं. डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू घ्यायची, नखानं चुना लावायचा, उजव्या अंगठ्यानं रगडायचं, वरून दोन थापट्या मारून भुकटी उडवायची, आणि तयार झालेला बार ड्रायव्हरच्या पुढे धरायचा. तो रस्त्यावरची नजर न काढता दोन बोटांनी उचलायचा आणि ओठाआड ठेवायचा. पाठोपाठ सुपारीचं खांड. चांगलं मळणारा असेल तर त्याला पुढची जागा पक्की. मग मागं म्हाताऱ्या माणसांना बसायला जागा नसली तरी मळणारा पुढं.

मी तेरा वर्षांचा होतो तेव्हा दादानं मला मळायला शिकवलं. "चुना जास्त झाला तर तोंड भाजतंय, कमी झाला तर मजा नाय," तो म्हणाला. मी चौथ्या-पाचव्या खेपेला शिकलो. मागं बसलेले एक बाबा म्हणाले, "रामदास, पोरगं लय हुशार हाय रं. हात बघ कसा चालतोय." शाळेत मला कुणी असं कधी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मला जे वाटलं, ते मी आज लपवणार नाही. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. माझ्या वर्गातली पोरं मागं दाटीवाटीनं बसायची, कधी टपावर, आणि मी पुढं. शाळेसमोरच्या टपरीवर रंगीत पुड्यांच्या माळा लटकलेल्या असायच्या. त्या सगळ्यांनाच दिसायच्या. पण मला त्या माळांनी शिकवलं नाही. मला त्या सीटनं शिकवलं. मळून झालं की तळहाताला थोडं चिकटून राहायचं. ते टाकून कसं द्यायचं… म्हणून जिभेवर. पहिल्यांदा गरगरलं आणि मी खिडकीतून ओकलो. दादा इतका हसला की त्याला जीप बाजूला घ्यावी लागली. "पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं," म्हणाला. आम्हाला दोघांनाही तो विनोद वाटला होता.

याच दादानं मला कॉलेजात घातलं, हेही लिहिलं पाहिजे. बारावीचा निकाल लागल्यावर वडील म्हणाले, आता द्राक्षाच्या बागेत कामाला चल. दादा रात्रीचं जेवण अर्धवट टाकून आमच्या घरी आला आणि म्हणाला, "काका, बागेत जायला हुशारी लागत नाय. ह्याला मिळाली हाय तर वापरू द्या." ॲडमिशनच्या दिवशी त्यानं जीप बंद ठेवली. कॉलेजच्या ऑफिसात माझ्यापेक्षा तोच जास्त घाबरला होता. खिडकीपलीकडच्या बाईंना तो "मॅडमसाहेब" म्हणाला. बाहेर आल्यावर आम्ही पाणीपुरी खाल्ली. पाणीपुरी हा त्याचा हट्ट होता. दोन पुऱ्या एकदम तोंडात टाकून दाखवायचा, आणि मग गाल फुगवून माझ्याकडे असा बघायचा की माझ्याच नाकात पाणी जायचं.

हॉस्टेलवर तंबाखू चालत नव्हती. वास येतो, डाग पडतात, वॉर्डन खोली तपासतात. पण माझ्या खोलीतल्या मुलांकडे गोल चपट्या डब्या होत्या. आत पुदिन्याच्या वासाच्या छोट्या पांढऱ्या पिशव्या. एक ओठाखाली ठेवायची. थुंकायचं नाही, मळायचं नाही, वर्गात बसूनही चालतं, कुणाला कळत नाही. "यात तंबाखू नसते, नुसतं निकोटीन," ते म्हणायचे, आणि शहरातली मुलं म्हणतात म्हणजे खरंच असणार असं मला वाटायचं. परीक्षेच्या अभ्यासाला मीही घ्यायला लागलो. मग परीक्षा संपल्यावरही. मला वाटलं, दादाला हे दिलं तर त्याची तंबाखू सुटेल. एका सुट्टीत मी त्याला एक डबी नेऊन दिली. त्यानं ती उलटीसुलटी करून बघितली.

"ह्यात तंबाखू नाय?"

"नाय दादा. नुसतं निकोटीन."

"म्हंजे दारू नाय, नुसती नशा!" तो हसला. एक पिशवी तोंडात ठेवून बघितली. "बडीशेपीसारखं लागतंय. आणि हे मळायचं नाय म्हंजे तुला काय काम उरलं? पुढं बसून गाणी म्हणशील?"

त्यानं डबी डॅशबोर्डवर ठेवली. घाट लागला तसा हात पुढं केला आणि म्हणाला, "चल, आता खरी मळ." मी मळली. पुढच्या खेपेला डबी रिकामी होती आणि तंबाखूची पुडीही चालू होती. एक सुटून दुसरं लागेल असं मला वाटलं होतं. दोन्ही लागलं.

मी दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. दादा जीपच्या कामासाठी नाशिकला आला होता. आम्ही त्याच पाणीपुरीच्या गाडीवर गेलो. त्यानं पुरी हातात घेतली, तोंडाजवळ नेली, थांबला, आणि प्लेटमध्येच ठेचली. मग चमच्यानं खाल्ली. गाडीवाला म्हणाला, "काय शेठ, लाजताय का?" दादा म्हणाला, "चुना लागलाय. तोंड आलंय जरा." तिखट पाणी त्यानं घेतलंच नाही. मी विचारलं, किती दिवसांपासून? तो म्हणाला, "डाव्या बाजूला लागलाय, म्हणून आता उजवीकडं ठेवतोय. डाव्या गालाला सुट्टी." आमच्याकडे सगळे हेच करतात. एक गाल सोलला की बार दुसऱ्या गालात. मीही मान हलवली. विज्ञानाचा विद्यार्थी मी, आणि मला ते बरोबर वाटलं…

त्यानंतर काही महिन्यांनी कॉलेजात तोंडाची तपासणी होती. डॉक्टर बाईंनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि सांगितलं, तीन बोटं उभी जुळवून तोंडात घाला. मुलं हसत होती, एकमेकांचे फोटो काढत होती. "हसा," त्या म्हणाल्या, "पण ज्याची तीन जात नाहीत, त्यानं माझ्याकडे या. तोंड हळूहळू उघडायचं बंद होतं. दुखत नाही, म्हणून कुणी येत नाही." माझी तीन गेली. पण ओठ खाली ओढून बघताना त्या थांबल्या. "इथे काय ठेवतोस?" मी पिशवीचं सांगितलं. त्यात तंबाखू नसते, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "सवय तीच आहे ना? मग तुला सोडता येते का, ते आठवडाभर बघ आणि मला सांग. हा पांढरा भाग मी पुन्हा बघणार आहे." मला त्यांचं निम्मंच ऐकू आलं. माझ्या डोळ्यांसमोर प्लेटमध्ये ठेचलेली पुरी होती.

तेव्हाच फोन करायला हवा होता. मी केला नाही. रोज ठरवायचो, आज करू. काय सांगणार होतो? दादा, तीन बोटं घालून बघ… आणि मग तो विचारणार, का रं? आणि मला सांगावं लागणार, की सात वर्षं ज्यानं ते मळून दिलं तो मी. म्हटलं, दिवाळीला समोरासमोर सांगू. घाटात, पुढं बसल्यावर. तिथं मी बोलायचो आणि तो ऐकून घ्यायचा.

आणि दिवाळीला त्या सीटवर स्टेपनी होती.

मी मागं बसलो. मागची माणसं त्याची चेष्टा करत होती. "स्टेपनीला सीट आणि आम्ही टपावर!" "रामदास, चाकाचं तिकीट काढलं का?" त्यानं हसून सोडून दिलं. हसताना तोंड नीट उघडत नव्हतं. घाट चढल्यावर त्यानं जीप बाजूला लावली, खाली उतरला, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला, आणि स्वतःच मळायला लागला. मी काचेतून त्याचे हलणारे खांदे बघत होतो. मला राग आला होता. माझा हात असताना हा उतरून मळतोय, म्हणजे मी कॉलेजात गेल्यावर त्याला परका झालो, असं मला वाटलं. पाड्याच्या फाट्यावर मी उतरलो आणि काही न बोलता चालू लागलो. तीन बोटांचं सांगायचं राहिलं. रागात राहिलं. हे मी इथे पहिल्यांदाच लिहितो आहे, घरी कुणाला माहीत नाही.

दिवाळीनंतर दोन महिन्यांनी त्याच्या गळ्याशी गाठ आली. नाशिकला तपासलं, मोठं ऑपरेशन झालं. मी गेलो तेव्हा त्याचा अर्धा चेहरा पट्टीत होता आणि नाकातून नळी घातली होती. ज्याच्या हाळीनं माणसं चहा टाकून उठायची, त्याच्याकडून आता एक अक्षर येत नव्हतं. सुमनवहिनी म्हणजे त्याची बायको बाजूला बसली होती. मी म्हणालो, "दादा, मी तुला सांगायला पाहिजे होतं." मग त्यानं माझा डावा हात ओढून घेतला, तळहात उघडून बराच वेळ बघितला, आणि माझी बोटं एकेक करून मिटवली. मूठ बंद केली आणि माझ्याकडे परत ढकलली. मला वाटलं, जा म्हणतोय. मी गेलो. परत भेट झाली नाही.

तो गेला त्या दिवशी माझं प्रॅक्टिकल होतं, मोबाइल बॅगेत. अकरा मिस्ड कॉल. मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. अंगणात जीप उभी होती, आणि पुढच्या सीटवर चाक तसंच बांधलेलं. दहाव्यापर्यंत मी त्या जीपजवळून जाताना दुसरीकडे बघत होतो. आणि माझ्याबद्दल विचाराल तर… डबी मी तीनदा फेकली आणि दोनदा पुन्हा विकत घेतली. सध्या नाही. आज चोविसावा दिवस आहे. अभ्यासाला बसलं की बोटं आपोआप खिशाकडे जातात. रोज सकाळी आरशासमोर तीन बोटं घालून बघतो. डॉक्टर बाईंनी पुढच्या महिन्यात बोलावलं आहे.

परवा सुमनवहिनीचा फोन आला. तिचा भाऊ आता जीप चालवणार आहे. त्यानं पुढची सीट मोकळी करायला घेतली, तेव्हा दोरीची गाठ सुटेना, म्हणून कापायची का, असं विचारायला तिनं फोन केला होता. खरं तर यात मला विचारण्यासारखं काही नव्हतं. मी म्हणालो, कापा. मग राहवलं नाही. विचारलं, "वहिनी, दादानं ती बांधली कशाला होती? माझा राग होता का त्याला?"

मागं कोंबड्यांचा आवाज येत होता.

"तुला नाय सांगितलं होय त्यांनी?" ती म्हणाली. "अरे, त्या भादव्यात आठवीतला एक पोरगा पुढं बसला होता. न सांगताच ह्यांची पुडी उचलून मळायला लागला. त्या दिवशी घरी आले ते जेवले नाय. दुसऱ्या दिवशी चाक बांधलं. मी म्हटलं, भाडं जातंय की. तर म्हणले, माझी काय आता सुटत नाय. पण ह्या सीटवर बसलं की पोरगं शिकतंय. एक शिकला माझ्याजवळ… बास झालं."