डीपीवरचा डबा

दोन वर्षांच्या एम.टेक.ला मी चौथं वर्ष लावलं होतं. विद्यापीठाने शेवटची मुदतवाढ दिली होती. मार्चअखेर प्रबंध जमा झाला नाही तर नोंदणी रद्द, मग जन्मभर नावापुढे बी.ई. लावून गप्प बसायचं. घरातला पहिला इंजिनियर मीच, त्यामुळे गप्प बसायची सोय नव्हती.

विषय गाइड सरांनी दिला होता. लातूरच्या आमच्या कॉलेजात त्या वर्षी इलेक्ट्रॉनिक्सचा जो तो शेताला आपोआप पाणी देणारं यंत्र करत होता. सर मला म्हणाले, तुझ्या गावात लाइटची बोंब आहे ना, मग त्यावरच कर. मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावात बोंब होतीच. हिवाळ्यात दिवेलागणीला व्होल्टेज इतकं पडायचं की बल्बची तार नुसती लाल व्हायची आणि आईचा मिक्सर कण्हायचा. कारण शेंबड्या पोरालाही माहीत होतं. गल्लोगल्ली तारांवर आकडे टाकलेले आणि प्रत्येक आकड्याच्या दुसऱ्या टोकाला पाणी तापवायला कॉइलची शेगडी. माझं यंत्र दर दहा मिनिटांनी व्होल्टेज मोजणार होतं, सिमकार्डावरून ते लातूरला माझ्या कॉम्प्युटरवर पाठवणार होतं आणि दाब कधी, किती पडेल याचा अंदाज आधीच सांगणार होतं. दाब पडेल, एवढी एकच गोष्ट मी गृहीत धरली होती.

यंत्र एका राखाडी प्लास्टिकच्या डब्यात बसवलं. वर छोटा लाल दिवा, तो लुकलुकला की रीडिंग गेलं असं समजायचं. कॉलेजचं गोल शिक्क्याचं पत्र वीज कार्यालयात दिलं, परवानगी मिळाली आणि लाइनमनने विहारासमोरच्या डीपीच्या, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या, खांबाला डबा आवळून बांधला. बघायला अर्धं गाव लोटलं. मी मोठ्या उत्साहाने पंधरा मिनिटं सगळं समजावून सांगितलं. सेन्सर काय, सिम काय, रीडिंग लातूरला कसं पोचतं. लोक माना डोलवत होते. इतकं लक्ष देऊन ऐकणारा वर्ग मला पुढे शिकवतानाही मिळाला नाही.

लातूरला येऊन बघतो तर दोनशे तीस. संध्याकाळी सातला दोनशे एकोणतीस. पहाटे, अंघोळीच्या वेळी, दोनशे एकतीस. असं व्होल्टेज मी आयुष्यात फक्त पुस्तकात पाहिलं होतं. वाटलं, सेन्सर गंडला. नांदेडहून नवा आणला, भर दुपारी जाऊन बसवला आणि आल्या पावली परत फिरलो. नवा सेन्सरही तेच सांगू लागला. महिनाभराचा ग्राफ सरांपुढे ठेवला तेव्हा कागदावर एक सरळ आडवी रेघ होती. सरांनी चष्मा काढून विचारलं, हे तुझं गाव आहे की परदेश?

जानेवारी सरत आला होता. मी दोन दिवसांचं सामान घेऊन गाव गाठलं. आई खुशीत होती. मिक्सर झकास चालतो, सीरियल नीट दिसते, आजकाल लाइट लई चांगली हाय, असं तिने मी चप्पल काढायच्या आत सांगितलं. गल्लीत फिरून वर बघितलं तर तारा मोकळ्या, एकही आकडा नाही. मग आमच्याच माळ्यावर, जुन्या गोधडीखाली, टोकाला तार वाकवलेला बांबू सापडला. बाबांचा. बाबा शाळेत शिपाई होते, उभ्या आयुष्यात त्यांनी शाळेचा खडूसुद्धा घरी आणला नव्हता. विजेचं मात्र त्यांनी वेगळं धरलं असावं.

मी काही विचारायच्या आत तेच बोलले. "तू म्हणलास ना, सगळं लातूरला कळतंय. पोराच्याच डब्यात बापाचं नाव आलं असतं तर?"

मी कपाळाला हात लावला. डब्याला नावं कळत नाहीत, फक्त व्होल्टेज कळतं, हे मी परत पहिल्यापासून समजावलं. बाबांनी मान डोलवली. आता मला त्या मान डोलवण्याचा अर्थ कळायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते कुठल्या इंजिनियरने केलं नसेल. घरोघर जाऊन लोकांना आकडे टाकायची विनंती करत फिरलो. कुणाला काही होणार नाही, माझ्या अभ्यासासाठी पंधरा दिवस टाका, असं गयावया करून सांगितलं. जितकं गोड बोलावं तितके लोक सावध होत गेले. शेजारच्या काकांनी तर मला पाहताच खुर्ची आणून ठेवली. याच काकांनी मला लहानपणी विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं होतं आणि मला हाक मारताना त्यांच्या तोंडून आधी शिवी यायची, मग नाव. त्यांनी हात जोडले.

"साहेब, आपल्याकडं मीटर हाय," ते म्हणाले.

प्रबंध बुडाल्याचं दुःख होतंच, पण तो 'साहेब' मला जास्त लागला. चहा न घेताच मी उठलो, आणि त्यांनीही आग्रह केला नाही.

सरांना खरं सांगितलं. ते पोट धरून हसले आणि मग शांतपणे म्हणाले, रीडिंग बदलायची नाहीत, शीर्षक बदल. 'कमी दाबाचा पूर्वअंदाज' खोडून आम्ही 'देखरेखीद्वारे दाबाची सुधारणा' केलं. आडवी रेघ आता माझं यश झाली. मार्च संपायला दोन दिवस असताना सोनेरी अक्षरांचा काळा प्रबंध जमा झाला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सर्किट निरखून पाहिलं. हे नुसतं मोजतंय, मग दाब सुधारतो कसा, असं त्यांनी विचारलं. मी सरांकडे पाहिलं, सर पंख्याकडे पाहत होते.

"लोकसहभागातून, सर," मी म्हणालो.

परीक्षकांना ते फार आवडलं. त्यांनी लिहून घेतलं.

यंत्र विभागात जमा करायचं होतं. तेवढ्यात बाबांचा फोन आला, डबा काढू नको म्हणून गाव मागं लागलंय. मग लाइनमनकडून डबा उतरवून आतलं सगळं काढून घेतलं, लाल दिवा तेवढा चालू ठेवला आणि रिकामा डबा परत बांधून घेतला. त्यात आता काही नाही, हे मी फक्त बाबांना सांगितलं. कुणाजवळ बोलायचं नाही, असं बजावलं. त्यांनी मान डोलवली.

दिवाळीला गावी गेलो तर आईचा मिक्सर कण्हत होता. बल्बची तार लाल. माळ्यावर गोधडी होती, बांबू नव्हता. मी बाबांकडे पाहिलं. पेपर बल्बजवळ धरून ते म्हणाले, कुणाला सांगितलं न्हाई, फक्त शेजाऱ्याला.

मी ओट्यावर आलो. ज्या पडलेल्या दाबासाठी मी चार वर्षं घासली होती तो समोर गावभर पसरला होता आणि मोजायचं यंत्र लातूरला कपाटात होतं. काकांच्या अंगणात शेगडी लालभडक पेटलेली, वर पाण्याचं पातेलं. काकांनी मला पाहिलं आणि जुनी, ठेवणीतली शिवी हासडली.

"कवा आलास रे? बस की हितं, गारठलास."

मी जाऊन शेगडीला हात शेकत बसलो.