हिब्रूतली दाई

पिंपरीच्या कंपनीत असताना माझ्या शेजारच्या मशीनवर अलिबागकडचा एक बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, मित्र होता. इस्राएलला जाऊन राहिला, आणि तिथं मनासारखं मराठीत भांडता येत नाही म्हणून परत आला. त्या वर्षी युनियनची निवडणूक होती. आमच्या पुढाऱ्याचं भाषण लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पुढारी निघोजे गावचा, आवाज खणखणीत. सांगण्यासारखं मात्र काही नव्हतं.

मी मित्राला विचारलं, "तिकडं प्रचारात काय बोलतात रे?"

"इथलंच. 'आम्हीच तुमचे', 'त्यांनी इतकी वर्षं काय केलं?' फक्त उजवीकडून डावीकडे लिहितात. आणि शेवटी ओरडतात, दाय!"

"म्हणजे?"

"पुरे झालं!"

पुढाऱ्याला शब्द फार आवडला. "ह्यो ठिवायचा. कळत न्हाई, म्हंजी वजनदार हाय."

"लोकांना अर्थ सांगायचा ना?"

"कशाला? आजवर कुटल्या भाषणाचा सांगितला?"

कंपनीच्या वसाहतीतल्या सभेत त्यानं मूठ उगारून तीनदा "दाय!" केलं. पुरुष एकमेकांना अर्थ विचारू लागले. मागं बसलेल्या बायकांनी मात्र टाळ्यांचा कडकडाट केला. वसाहतीच्या दवाखान्यात सुईण नव्हती. कळा सुरू झाल्या की रिक्षा शोधत पळावं लागे. दुसऱ्या दिवशी पाण्याची वाट बघत नळावर एकच बोलणं: पुढारी दाई आणणार. ते ऐकून विरोधी उमेदवारानं लगेच जाहीर केलं, "ते एक दाई देतील, आम्ही दोन देऊ!"

तरी आमचाच निवडून आला. हार उतरवायच्या आत बायका त्याच्या दारात. "दाई कधी?"

तो माझ्याकडे धावला. "आता काय रं, राव? त्यो शबूद हिब्रू हाय म्हणून सांगू?"

"सांगून बघ," मित्र म्हणाला. "मी लांब उभा राहतो."

शेवटी पुढारी साहेबांकडे गेला. पगारवाढीपेक्षा दाई स्वस्त, हे साहेबांना चटकन पटलं. महिन्याभरात दवाखान्यात दाई बसली. पगारवाढ, कँटीन, शिफ्टची बस असं मी भाषणात शुद्ध मराठीत जे लिहिलं होतं, त्यातलं एकही झालं नाही.

आमची धाकटी त्याच दाईच्या हातांवर जन्मली. बाळाला मांडीवर घेत बायको मला म्हणाली, "पुढच्या खेपेला पाण्याचंही त्याच भाषेत लिहा."