तांबडी रेघ

त्या घटनेची आठवण आली की शेंदूर फासलेला दगड आजही मला नकोसा होतो. देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि मी कल्याण तालुक्यात फौजदार होतो.

मुरबाडच्या वाटेवर एका ओढ्यावर बुटकी फरशी होती, म्हणजे पुरात पाण्याखाली जाणारा ठेंगणा पूल. कडेच्या पांढऱ्या खांबावर गुडघाभर उंचीवर तांबडी रेघ. तांबडं दिसतंय तोवर गाडी घालायची, बुडालं की थांबायचं, हे गाडीवानांना पाठ होतं. श्रावणात तिथे एक बैलगाडी वाहून गेली. गाडीवान बुडाला, बरोबरचा मेहुणा पोहून निघाला.

पोलीसपाटलाने वर्दी दिली, "मैलकुली जागेवर नव्हता." मैलकुली म्हणजे रस्ता राखणारा सरकारी मजूर. ठाणे अंमलदाराने नोंद केली, मी त्याला आणवलं. काहीही विचारा, उत्तर एकच. "चूक माझीच, साहेब. मना आत टाका." इतक्या सहज कबूल होणारा माणूस काहीतरी झाकतो, हे खात्यात पहिल्याच वर्षी कळतं. तरी चिडून मी त्याला दोन थपडा मारल्या. त्याची लाज अजून वाटते.

मग मेहुण्याचा जबाब घेतला. "मी त्याला बोललो, पानी लय हाय. तर बोलला, तांबडं दिसतंय ना, मग चल."

पंच आणि मैलकुलीला घेऊन मी फरशीवर गेलो. पाणी उतरलं होतं. खांब बुडापासून माथ्यापर्यंत शेंदराने माखलेला. चाकूने खरवडला तेव्हा कुठे आतली रेघ सापडली. पाणी कंबरेला लागलं तरी वर तांबडं दिसणारच!

मैलकुली रडायला लागला. "बायकोनं लावला, साहेब. दर पावसात मी या पान्यात उभा रहतो. बोलली, हा देव तुला राखील. त्या दिवशी मी पल्याड होतो. हाका मारल्या, त्याला ऐकूच गेल्या नाय. शेंदूर आधीच पुसाय पायजे होता. पन देवाला पुसू कसा?"

पंचनाम्यात 'खांबावर शेंदूर आढळला' एवढंच लिहिलं. कोणी लावला ते लिहिलं नाही. नियमात बसत नव्हतं, पण केलं. नवराबायकोचा तुरुंग टळला, त्याची नोकरी मात्र गेली.

खांब धुऊन रेघ पुन्हा ओढली. महिन्याभराने तिथून जाताना गाडीवानाची विधवा खांबापाशी दिसली, हातात शेंदराची वाटी.

"बाई, हे काय करताय?"

"धुतला म्हनून देव कोपला आसंल, साहेब. माझी दोन पोरं याच वाटेनं जातात."

खात्याने मला गुन्हेगार ओळखायला शिकवलं होतं. इथे गुन्हेगार कोणी नव्हताच, नुसती भ्यालेली माणसं होती. मी तिच्या हातातली वाटी काढून घेतली. ती रिकाम्या हातांनी खांबाला नमस्कार करत राहिली.